ताकाच्या तपेलीत चीज

मित्रांनो, मी एक जुनी पितळेची तपेली आहे. जाड बुडाची, रुंद तोंडाची, काठाशी एका बाजूला पोचा पडलेली. माझ्या वयाच्या भांड्यांनी माळ्यावर गप पडून राहावं अशी रीत आहे, आणि मीही पडूनच होते. पण गेल्या महिन्यात लातूरच्या या घरात जे घडलं, त्यानं मी जो आ वासला तो अजून मिटलेला नाही. तपेलीचं तोंड तसंही मिटत नसतं, ते सोडा. पण धक्का तो धक्काच!

माझा जन्म नांदेडच्या भांडेबाजारातला. एका कारागिरानं मला ठोकून ठोकून आकार दिला. कान किटले, पण अंग घडलं. ज्ञानोबा नावाच्या गृहस्थांनी मला विकत घेतलं आणि डोक्यावर पालथी घालून लोह्याजवळच्या आपल्या गावी नेलं. उन्हाची टोपीही झाले आणि बायकोला भेटही झाले. त्यांची बायको म्हणजे पार्वतीबाई. सगळे तिला पारू म्हणायचे. पारूनं मला बघितलं आणि ती इतकी हसली, की ठोके खाल्ल्याचं मी विसरून गेले.

पारू अण्णारावांच्या शेतात कामाला जायची. अण्णारावांच्या घरी ताक घुसळलं, की त्यांची बायको लक्ष्मीबाई कामावरच्या बायांना ताक द्यायची. पारू मला घेऊन अंगणात उभी राहायची. लक्ष्मीबाई ओट्यावरून वाकून ताक ओतायची. तिच्या हातात तांब्या, पारूच्या हातात मी, आणि मधे वीतभर रिकामी हवा. भांडं भांड्याला लागायचं नाही. ताक वरून पडायचं, उडायचं, पारूच्या मनगटावर ओघळायचं. लक्ष्मीबाई तोंडानं वाईट नव्हती हो! "पोरगं बरं हाय का गं?" असं विचारायची, दोन मिरच्याही द्यायची. पण हात मात्र कधी खाली आला नाही. एकदा ताक उडालं म्हणून पारू दचकली, मी दगडावर आपटले आणि हा पोचा पडला. लक्ष्मीबाई हळहळली, पण तिनं मला उचललं नाही. पारूनंच उचललं. मला राग यायचा. खरं सांगते, लई राग यायचा.

वरून ओतणाऱ्या माणसाला भांड्याचं पोट मात्र नीट दिसतं. लक्ष्मीबाई ताक ओतण्याआधी माझ्या आत डोकावायची. "पारू, कल्हई उडाली की गं तपेलीची! पितळात ताक कळकतंय, लेकरू ओकल तुझं. आधी कल्हई करून आण." मित्रांनो, कल्हई म्हणजे आतून लावलेला कथलाचा पांढरा थर. तो उडाला आणि आंबट पदार्थ उघड्या पितळाला लागला, की तो कळकतो. हिरवट होतो, तोंड कडू करतो आणि माणसाला आजारी पाडतो. माझ्यासारख्या पोटभर खाऊ घालणाऱ्या तपेलीच्या पोटात इख म्हणजे विषच तयार होतं! पारूला हे पक्कं ठाऊक होतं. कल्हईवाला गावात आला, की तिच्या घरातून पहिली मी निघायचे.

पुढे पारूचा मुलगा आनंदराज शिकला, लातूरला सरकारी नोकरीत लागला आणि आईला घेऊन आला. गॅसवर मी काही वर्षं मजेत वरण शिजवलं. मग पारू गेली. तिची सून विशाखा मायाळू, पण तिचं सगळं राज्य स्टीलचं आणि कुकरचं. तिनं सासूची आठवण म्हणून मला पारूच्या जुन्या लुगड्यात गुंडाळलं आणि माळ्यावर ठेवून दिलं. आठवण म्हणून ठेवलेल्या भांड्याला कुणी हाक मारत नाही. मी अंधारात पडून खालच्या शिट्ट्या मोजत बसले.

आणि मग तो रविवार उजाडला. धाडकन माळा उघडला, लुगडं सुटलं आणि विशाखाची मुलगी बुद्धप्रिया ओरडली, "आई, हीच! व्हिडिओत म्हणलंय जाड बुडाचं भांडं पाहिजे." कशासाठी, तर फॉन्ड्यू करायला! मला आधी वाटलं कुणाचं आडनाव आहे. मग कळलं, की परदेशात म्हणे चीज वितळवून त्याचा घट्ट रस्सा करतात आणि घरातले सगळे एकाच भांड्यात पावाचे तुकडे बुडवून खातात. एकाच भांड्यात! मी तर गारच पडले.

त्याहून मोठा धक्का पुढेच होता. बुद्धप्रिया बारावीला. तिच्याच क्लासला सृष्टी नावाची मुलगी आहे. सृष्टीसाठी तिच्या आजीनं लातुरात खोली घेतलीय. इथे हे नवीन नाही. नातवंडं क्लासला बसतात आणि आज्या गाव सोडून त्यांच्या भाकरी थापायला येतात. त्या दिवशी सृष्टीचा वाढदिवस होता, आणि आजीलाही जेवायला बोलावलं होतं. मला चिंचेनं घासता घासता विशाखा लेकीला म्हणाली, "प्रिया, आपल्या गावच्या लक्ष्मीआजी रोज अभ्यास झाल्यावर सृष्टीला इथून न्यायला येतात, पण दारातून आत येत न्हाईत. पाणी दिलं तर म्हणतात, आत्ताच पिऊन आले. आज सृष्टी अडून बसली म्हणून पहिल्यांदा जेवणार हायत. आज काही म्हणजे काही बिघडायला नको."

लक्ष्मीआजी? लोह्याकडची? अण्णारावांची लक्ष्मीबाई? मी विशाखाच्या हातातून निसटता निसटता राहिले!

विशाखानं मला घासघास घासलं. बाहेरून घासलं, आतूनही घासलं. उरलीसुरली कल्हईसुद्धा त्या चिंचेनं निघून गेली. "बघ, कशी सोन्यासारखी झाली," ती कौतुकानं म्हणाली. बाहेरून कौतुक ऐकायला मला आवडतं, पण आतूनही सोनं दिसलं तेव्हा मी हबकले. अगं बाई, विशाखा, आत पांढरं पाहिजे गं, पिवळं नको!

स्वयंपाक सुरू झाला. सृष्टी लवकर आली होती. पोरींनी लसणाची पाकळी माझ्या आतून चोळली. मग किसलेलं चीज आलं, थोडं दूध आलं, कॉर्नफ्लोअर आलं. बुद्धप्रिया मोबाइलमध्ये बघून म्हणाली, "आता पांढरी वाइन घालायची."

"काय?" विशाखा लाटणं घेऊन वळली. "रोज पंचशील म्हणतीस ना? घरात दारू?"

"अगं, मी फक्त वाचून राहिले! खाली लिहिलंय, त्याऐवजी लिंबाचा रस चालतो."

"मग लिंबूच घाल. चांगलं मोठं घाल."

मेले! मित्रांनो, पंचशील पाळणाऱ्या घरात वाइनला बंदी हे मला शंभर टक्के मान्य आहे. पण लिंबू? उघड्या पितळात? लिंबाची पहिली धार माझ्या अंगाला लागली आणि मी जिवाच्या आकांतानं ओरडले. "अगं थांबा! माझं पोट उघडं आहे!" पण तपेली ओरडली तर ऐकू काय येतं? बुडबुड! सृष्टी म्हणाली, "बघ, काय मस्त उकळायलंय!"

वरून त्यांनी कोथिंबीर घातली, पुदिना घातला, कुंडीतली ओव्याची पानं बारीक चिरून घातली, मिरपूड घातली. रस्सा मऊ, दाट, हिरवागार झाला. वासानं शेजारचं मांजर खिडकीत आलं. आणि मी? मी भीतीनं अर्धमेली झाले. माझ्या अंगातून जी हिरवी कळक उतरणार होती, ती त्या हिरव्या पाल्यात कुणाला दिसणार होती? आजवर या घरात पाणीसुद्धा न प्यालेली बाई आज पहिला घास खाणार, आणि तो माझ्यामुळे तिला बाधणार! मग गावभर काय बोललं जाईल? 'त्यांच्याकडं खाल्लं, म्हणून झालं.' विशाखा पुन्हा कुणाला जेवायला बोलवायला धजेल का? पारू, तुझ्या तपेलीनं हे पांग फेडले का गं?

बाहेर लक्ष्मीबाई आली. तोच आवाज, फक्त थोडा कापरा. स्वयंपाकघराच्या दाराशी खुर्चीत बसली. विशाखानं पाण्याचा पेला दिला. तिनं तो हळूच स्टुलावर ठेवला. तो तिथेच राहिला.

"पहिला घास आजीचा!" सृष्टीनं काट्याला भाकरीचा कडक तुकडा टोचला, माझ्यात बुडवला आणि आजीकडे पळाली. बुद्धप्रियानंही दुसरा काटा बुडवून फुंकर मारायला घेतली.

लक्ष्मीबाईनं मान मागे घेतली. "एकाच भांड्यात सगळ्यांनी बुडवायचं? उष्टं न्हाई का व्हत?"

"काटा ओठाला लावायचा नाही आजी, नुसता तुकडा ओढायचा."

"काय बाई एकेक. कशात केलंय बघू तरी." ती उठली, गॅसपाशी आली आणि वाकून माझ्या आत डोकावली. अगदी तशीच, जशी ओट्यावरून डोकावायची. रस्सा उकळून खाली बसला होता आणि वरची पिवळी कड उघडी पडली होती. तिचे डोळे विस्फारले.

"टाक! टाक तो घास!" ती किंचाळली. बुद्धप्रियाच्या हातावर तिनं फाडकन चापट मारली. काटा भिंतीवर जाऊन आदळला. आणि मग मित्रांनो, लक्ष्मीबाईनं मला उचललं! चिमटा नाही, पदर नाही, उघड्या दोन्ही हातांनी. चटका बसला तरी सोडलं नाही. तशीच मोरीपर्यंत गेली आणि सगळं चीज ओतून दिलं.

विशाखाचा चेहरा पांढराफटक पडला. तिच्या मनात काय आलं, ते मला कळलं. जे पिढ्यान्‌पिढ्या होत आलं, तेच आज भर वाढदिवसाला, लेकीच्या देखत झालं, असंच तिला वाटलं असणार. सृष्टी तर रडायलाच लागली. "आजी! असं कसं केलंस गं? लाज वाटती मला!"

"अगं पोरी, कल्हई न्हाई हिला!" लक्ष्मीबाई धापा टाकत म्हणाली. "आन् लिंबाचा वास यायलाय. उघड्या पितळात आंबट शिजवत असतेत व्हय? रातभर ओकत बसला असता सगळे!"

विशाखा माझ्याकडे बघत म्हणाली, "मी तर... मी तर मुद्दाम सोन्यासारखी घासली हो."

"तेच तर! आतून सोनं दिसलं, की इख समजावं." एवढं बोलून लक्ष्मीबाईनं मला ओट्यावर ठेवलं, आणि तिची नजर पोच्यावर गेली. बोट तिथेच थांबलं. "ही... ही पारूची तपेली हाय का?"

"हाव. सासूबाईंची."

लक्ष्मीबाई आपल्या हातांकडे बघत राहिली. तळवे लाल झाले होते. विशाखानं तिचे हात धरले आणि नळाखाली नेले. म्हातारीनं हात सोडवून घेतले नाहीत. दोघी तशाच उभ्या राहिल्या. मग घसा कोरडा पडला म्हणून लक्ष्मीबाईनं स्टुलावरचा पेला उचलला आणि घटाघटा पाणी पिऊन टाकलं. तिच्या ध्यानातही आलं नसेल. माझ्या मात्र आलं!

फॉन्ड्यू पुन्हा झाला. ताटात थोडं चीज उरलं होतं. या वेळी स्टीलच्या कुकरमध्ये केला, आणि हाटायला खुद्द लक्ष्मीबाई बसली. "पिठल्यावानी एकसारखं हाटा, गुठळी व्हऊ देऊ नका," असं पोरींना शिकवत होती. लिंबूही पिळलं. मग चौघी त्या कुकरभोवती बसल्या. लक्ष्मीबाईनं काटा बाजूला ठेवला, भाकरीचा तुकडा मोडला, सगळ्यांच्या तुकड्यांमध्ये आपलाही बुडवला आणि खाल्ला. "मीठ कमी पडलंय," ती म्हणाली. विशाखा हसली आणि हसता हसता डोळे पुसायला लागली. मी मोरीत पालथी पडले होते. त्या कुकरचा मला असा हेवा वाटला म्हणून सांगू!

दुसऱ्याच दिवशी विशाखा मला गंजगोलाईच्या बाजारात कल्हईवाल्याकडे घेऊन गेली. नवसागराचा धूर झाला, कथील फिरलं आणि माझं पोट पुन्हा पांढरंशुभ्र झालं.

परवा लक्ष्मीबाई गावाहून केटलीभर ताक घेऊन आली. "पारूची तपेली आणा," असं दारातूनच तिनं सांगितलं. विशाखानं मला दोन्ही हातांत धरून पुढे केलं. मी जुन्या सवयीनं अंग चोरलं. आता वरून धार पडणार, आता उडणार. पण लक्ष्मीबाई खाली वाकली आणि तिनं केटलीची कड माझ्या काठावर, थेट पोच्याशी टेकवली. टण्ण! इतकी वर्षं ताक मिळालं, पण हा आवाज मी पहिल्यांदा ऐकला. ताकाचा एक थेंबही विशाखाच्या मनगटावर उडाला नाही.

मित्रांनो, तुमच्या माळ्यावर माझ्यासारखं कुणी असेल, तर त्याला खाली काढा. नुसतं बाहेरून चमकवू नका, आतही डोकावून बघा आणि कल्हई करून घ्या. आणि कुणाला ताक द्याल, पाणी द्याल, काहीही द्याल, तर जरा वाकून द्या. भांडं भांड्याला लागू द्या. पारूला तो आवाज ऐकायला मिळाला नाही, एवढंच मला अजून लागून राहिलंय.