अकरावं छप्पर

मास्तर बसमधून उतरले आणि चहालाही न थांबता किनाऱ्याच्या वाटेला लागले. बेचाळीस वर्षांपूर्वी, ऐन बाविशीत, ज्या किनाऱ्यावर त्यांनी वादळात घरं गेलेल्या लोकांसाठी घरं बांधली होती, तिथे पंधरा दिवसांपूर्वी पुन्हा वादळ येऊन गेलं होतं. बातम्यांत उडालेले पत्रे दिसले आणि या माणसाचं कशात लक्ष लागेना. शेवटी बायको वैतागली. म्हणाली, "घरात नुसत्या येरझाऱ्या घालू नका. जाऊन या एकदाचे!" मग हत्यारांची पिशवी खांद्याला लावून, कुरकुरणारे गुडघे घेऊन मास्तर निघाले. मदतीला चाललोय, असं सगळ्यांना सांगितलं. मदत करायची होतीच हो, पण त्याआधी त्यांना एक घर बघायचं होतं. ओळीतलं शेवटचं, अकरावं. काकूंचं.

काय दिवस होते ते! आठ जण शाळेच्या वर्गात बाकं भिंतीला लावून झोपायचे. उत्साह उदंड आणि अक्कल बेताची. एकाने पहिल्याच आठवड्यात न्हाणीघराचं दार असं बसवलं, की आत शिरल्यावर ते लावायला माणसाला बादलीत उभं राहावं लागे. मास्तर तेव्हा मास्तर नव्हते, लंबू होते. हे नाव काकूंनी ठेवलं, कारण त्यांच्या तात्पुरत्या झोपडीत जेवायला शिरताना हा पोरगा रोज कपाळ आपटून घ्यायचा. "अरे वाक की जरा! झोपडी पाडतोस का माझी?" काकू ओरडायच्या, आणि ओरडता ओरडता ताटात जास्तीचं वाढायच्या. काका होडीवाले. दिवसाकाठी चार शब्द बोलतील तर शपथ. पण संध्याकाळी लंबू वाळूत त्यांच्याजवळ जाऊन बसला, की ते सरकून त्याला जागा करून द्यायचे. वडील लहानपणीच गेलेल्या पोराला तेवढं सरकणं फार होतं. पुढे आयुष्यभर मास्तरांनी पुष्कळ माणसं पाहिली, पण तसं कुणी सरकून जागा दिल्याचं त्यांना आठवत नव्हतं.

आणि त्याच माणसाच्या घराशी लंबूने दगाफटका केला. दुसरा शब्द नाही. छपराचे वासे लोखंडी पट्ट्यांनी भिंतीला जखडायचे, म्हणजे वारा छप्पर उचलत नाही, हे त्यांना पहिल्या दिवशी शिकवलं होतं. दहा घरांना पट्ट्या लागल्या. अकराव्याच्या वेळी त्या संपल्या. दोन दिवसांत येणार होत्या, पण लंबूला नोकरीचं पत्र आलं होतं आणि दुसऱ्या दिवशी हजर व्हायचं होतं. त्याने नुसते खिळे ठोकले, खालून फळ्यांचा माळा मारून सगळं झाकलं आणि "झालं, काकू" म्हणून निघून गेला. काका रस्त्यापर्यंत पोचवायला आले होते. "ये परत," एवढंच म्हणाले. लंबू परत गेला नाही. कुठल्या तोंडाने जाणार? शाळेत सुतारकाम शिकवताना मात्र मास्तर छपराच्या पट्टीवरून पोरांना इतकं फैलावर घेत, की पोरं त्यांच्या पाठीमागे त्यांना 'पट्टीमास्तर' म्हणत.

आता बघा गंमत. मास्तर वळणावर आले आणि थबकले. दहा घरांच्या भिंती उघड्याबोडक्या उभ्या होत्या, वर निळं प्लास्टिक फडफडत होतं. अकराव्या घराचं छप्पर जागच्या जागी होतं! ओट्यावर पांढऱ्या केसांच्या काकू भांडी घासत बसल्या होत्या.

काकूंनी मान वर केली, डोळे बारीक केले. "लंबू?"

"हो, काकू."

"मेल्या, म्हातारा झालास की रे!" असं म्हणून त्यांनी ओल्या हातांनी त्याचं तोंड कुरवाळलं. काका जाऊन आठ वर्षं झाली होती. ते मास्तरांना तेव्हा कळलं.

तेवढ्यात मदतकार्याची इंजिनीअर आली. वय जेमतेम सत्तावीस, पण आवाज असा, की चाळीस स्वयंसेवक तिच्या एका हाकेत उभे राहत. हेच ते घर बांधणारे, हे कळल्यावर तिने मास्तरांचा हातच धरला. "सर, तुम्हालाच शोधत होते! दहा घरांच्या पट्ट्या खाऱ्या हवेने गंजून तुटल्यात. नुसती टोकं उरलीत भिंतीत. तुमच्या घराच्या भिंतीत पट्टीचा पत्ताच नाही, आणि छप्पर हललेलं नाही. काय केलं होतं तुम्ही? उद्यापासून साठ घरांची छपरं चढवायचीत. तुमच्याच पद्धतीने करू."

मास्तरांच्या तोंडचं पाणी पळालं. पद्धत कसली, कपाळ! नुसत्या खिळ्यांवर साठ छपरं म्हणजे साठ घरांतली माणसं वाऱ्यावर. "वर जाऊन बघितलंत का?" त्यांनी कसंबसं विचारलं.

"आजी माळ्यावर चढू देतील तर ना!"

"तुला नाही चढू देणार," काकू म्हणाल्या. "लंबू, तू जा. शिडी आत आहे."

मास्तर चढले. माळ्यावर उभं राहायला जागा नव्हती. बॅटरी लावून ते पोटावर सरकत भिंतीपाशी गेले. खिळे होते तिथेच होते, गंजून काळे पडलेले. आणि प्रत्येक वाशाला दोर होता. वाशावरून घेतलेला, माळ्याच्या आतल्या आत भिंतीला भोक पाडून खालच्या तुळईभोवती फिरवलेला, होडी धक्क्याला बांधावी तसा करकचून बांधलेला. एक दोन नाही, बावीसच्या बावीस वासे. तळाशी काथ्याचे जुने, विटलेले तुकडे, त्यावर नायलॉन, त्यावर आणखी नवा, पिवळा. पिवळ्याच्या गाठी जरा लहान होत्या. मास्तर तिथेच धुळीत पडून राहिले. काकांना पहिल्यापासून ठाऊक होतं.

खाली यायला त्यांनी बराच वेळ घेतला. ओट्यासमोर एव्हाना पंधरा वीस स्वयंसेवक जमले होते. इंजिनीअर वही उघडून तयारच. "बोला, सर."

खोटं कशाला सांगू, मास्तरांना मोह झाला होता. 'दोर बांधला होता' एवढं म्हटलं तरी काम भागलं असतं. साठ घरं सुरक्षित झाली असती, कौतुकही झालं असतं. काकू भांडी पुसत होत्या, त्या काही बोलणार नव्हत्या. मास्तर पुढे झाले.

"पद्धत माझी नाही. मी पट्ट्या लावल्याच नाहीत. संपल्या होत्या, आणि मला जायची घाई होती. खिळे ठोकून, खालून फळ्या मारून मी पळून गेलो. हे छप्पर काकांच्या दोरांनी धरलंय. ते वर जाऊन नीट बघ, मोजमाप घे. माझं काही घेऊ नकोस."

इंजिनीअरने वही मिटली, पुन्हा उघडली आणि काकूंकडे वळून विचारलं, "आजी, दोर कितीदा बदलता?"

"दरवर्षी. होडीचे दोर बदलायचे दिवस आले, की घराचेही. त्यात काय विचारायचं? लोखंड एकदा लावलं, की माणूस विसरून जातो. दोराकडे बघावं लागतं. ते गेल्यापासून मी बदलते. माझ्या गाठी बारीक येतात, पण येतात."

"पण मग तुम्ही वर कुणालाच का चढू देत नव्हता?"

काकूंनी हातातलं भांडं खाली ठेवलं. "याची लाज कशाला चव्हाट्यावर मांडायची? पोरगाच होता."

मास्तरांना आता राहवेना. चारचौघांत, चौसष्टाव्या वर्षी, ते ढसाढसा रडायला लागले. "काकांना माझा राग आला असेल ना हो, काकू?"

"राग? तू गेलास त्याच आठवड्यात छप्पर वाजायला लागलं. वर जाऊन बघून आले आणि हसले. म्हणाले, पोरगं घाईत होतं. त्यानंतर दरवर्षी दोर बदलायचे आणि प्रत्येक वेळी एक वासा शेवटाला मोकळा ठेवायचे. चांगले आठ दहा दिवस. मी कटकट करायची, वारा सुटेल, बांधून टाका की! तर म्हणायचे, थांब, लंबू येईल, एक त्याला बांधू दे. म्हणजे त्याच्या मनातलं जाईल." काकूंनी पदराने डोळे टिपले. "मग वारा सुटायला लागायचा आणि ते एकटेच वर जाऊन बांधून यायचे. चौतीस वर्षं, लंबू. तू एकदा तरी यायचं होतंस रे."