‘अस्सल’ एवढंच उरलेला पट्टा

मी पट्टा बोलतोय. कसला पट्टा, ते मात्र लगेच विचारू नका. त्या एका प्रश्नापायी माझे दोन तुकडे झालेत.

जन्म परदेशातल्या कारखान्यात. तापलेला रूळ आठवतो, डिंकाचा वास आठवतो, आणि पाठीवर सोनेरी ठसा बसला तो चटका तर अजून आठवतो. ‘अस्सल चामडं’. ही अक्षरं मला मागवणाऱ्या दुकानवाल्या बाईंनी मुद्दाम सांगून छापून घेतली होती. पाठीवर लिहिलंय म्हणजे खरंच असणार, असं मी धरून चाललो. त्याही तसंच धरून चालल्या होत्या.

नमुना म्हणून मी एकटाच आधी आलो. बाकीचे भाऊबंद मागून जहाजाने येणार होते. बाईंनी मला छानशा डब्यात घातलं आणि थेट थोरल्या भावाचं दार गाठलं. दोघांत कित्येक महिने अबोला होता. कारण काय, तर आईचं कपाट कोणी न्यायचं! शेवटी ते कपाट कोणीच नेलं नाही, पण अबोला मात्र दोघांनी नीट वाटून घेतला.

“दादा, घे. अस्सल चामडं आहे. तुझा तो जुना पट्टा बघवत नाही.”

दादाने मला कमरेला लावलं, पोट आत घेतलं आणि म्हणाला, “बरा आहे.” त्याच्या तोंडून याहून मोठी स्तुती कोणी ऐकलेली नाही. बाई स्वयंपाकघरात गेल्या, डोळे पुसून आल्या आणि काहीच झालं नाही अशा आवाजात विचारलं, “तुला चहात साखर चालते ना अजून?”

दादाचा धंदा बाहेरून आलेला माल कस्टममधून सोडवून देण्याचा. बहिणीचा मालही ओघाने त्याच्याकडेच आला. बाईंनी दादाच्या कारकुनाला फोनवर तपशील दिला तो असा: “पट्टे. काळे. मजबूत.” कारकुनाने तो इमानेइतबारे मशीनच्या पट्ट्यांत लिहिला. दादाच्या नजरेस पडेपर्यंत मी कागदोपत्री कुठल्याशा कारखान्यात चाक फिरवत होतो.

“अगं, पट्टा म्हणजे कसला पट्टा?” दादाने फोन केला. “कमरेचा, मशीनचा, घड्याळाचा, कुत्र्याच्या गळ्यातला? कस्टममध्ये प्रत्येकाचा कोड वेगळा, कर वेगळा.”

“कमरेचा रे बाबा. तुझ्या कमरेलाच आहे ना!”

“बायकांचा की पुरुषांचा? रुंदी? बकल कसलं? आणि कशाचा आहे?”

“चामड्याचा. छापलंय की त्याच्यावर.”

“छापलेलं कस्टमला चालत नाही. वरचा थर कशाचा, आत काय, ते बघावं लागतं.”

“मग बघ की.”

“कापावा लागेल.”

बाई बारीक आवाजात म्हणाल्या, “दादा, तो मी तुला दिलाय. आणि दुसरा नमुना माझ्याकडे नाही.”

माणूस पेचात पडला की ते सगळ्यात आधी पट्ट्याला कळतं. दादाने माझं बकल इतक्यांदा उघडलं-लावलं की ते कुरकुरलं. ‘चामडं’ लिहून दिलं आणि कस्टमच्या साहेबांनी एखादा कापून बघितला, तर माल अडकणार आणि बहीण खोटी ठरणार. आपणच कापला आणि आत भलतंच निघालं, तर पुन्हा अबोला.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात त्याने मला काढलं, एका हाताने पॅन्ट धरली आणि दुसऱ्या हाताने कात्री चालवली. बरोबर ‘अस्सल’ आणि ‘चामडं’ यांच्या मधोमध.

वर प्लास्टिकचा पापुद्रा, खाली पुठ्ठा. बस्स. चामडं औषधालाही नाही. खोटं कशाला बोलू, मला फार वाईट वाटलं. कोणी विचारलं असतं तर मी शपथेवर चामडंच सांगितलं असतं.

दादाने फोन लावला. “प्लास्टिक निघालं.”

“म्हणजे मी तुला नकली वस्तू दिली?”

“भेटवस्तूचं वर्गीकरण आम्ही करत नाही,” दादा गंभीरपणे म्हणाला. पलीकडे बाईंनी फोन आपटल्याचा आवाज मला टेबलावरही ऐकू आला.

माल प्लास्टिक म्हणूनच सुटला. बाईंनी दुकानातली ‘अस्सल चामड्याचे पट्टे’ ही पाटी स्वतःच्या हाताने उतरवली, असं माल पोचवणाऱ्या टेम्पोवाल्याने सांगितलं. दादाने “काही म्हणाली का?” असं त्याला दोनदा विचारलं. टेम्पोवाल्याने दोन्ही वेळा पावतीच पुढे केली. दादाने नवा पट्टा घेतला नाही, आणि जुना तर मी आलो त्याच दिवशी टाकून दिला होता. कमरेला सुतळी बांधून तो ऑफिसात जायचा, आणि हसण्याची कोणाची छाती नव्हती.

माझा ‘चामडं’वाला तुकडा फायलीत गेला. बकलाकडचा मी मात्र दादाच्या घरी आलो. दादाने तापल्या खिळ्याने मला नवं भोक पाडलं आणि हवालदाराच्या गळ्यात बांधलं. हवालदार म्हणजे दादाचा कुत्रा. चोराला बघून शेपटी हलवतो, म्हणून हवालदार.

एका रविवारी बाई दारात उभ्या राहिल्या. पहिली नजर हवालदारावर गेली.

“माझी भेट कुत्र्याला?”

“रोज वापरात आहे,” दादा म्हणाला.

बाई भडकणारच होत्या, तेवढ्यात त्यांना सुतळी दिसली. त्या सुतळीकडे बघत राहिल्या, मग मटकन खुर्चीत बसून हसत सुटल्या, आणि हसता हसता रडल्या. पर्समधून मोजपट्टी काढली.

“ऊठ. आता मी विचारते, तू तपशील दे. कमर केवढी?”

दादाने पोट आत घेतलं.

“खोटा तपशील चालत नाही. सोड पोट. काळा की तपकिरी?”

“काळा.”

“आणि कशाचा हवा?”

दादा सुतळीची गाठ सोडत म्हणाला, “कापावा लागणार नाही असा.”

सध्या मी हवालदाराच्या गळ्यात मजेत आहे. त्याच्या आईबापांचा पत्ता नाही, माझ्या चामड्याचा नाही. माझ्यावर फक्त ‘अस्सल’ उरलंय. अस्सल काय, हे त्याने मला कधी विचारलं नाही. तुम्हीही नका विचारू. घरात कात्री आहे.