एवारिस्तोकाकांची हजेरी

आमच्या चिलेत बंबवाले सगळे बिनपगारी, त्यामुळे तोरा मात्र दुप्पट. मी एदेल्मिरा, गावच्या बंबखान्याची चिटणीस. दर गुरुवारी हजेरी घेते. पहिलं नाव आबेलार्दोचं. तो गिरणीच्या आगीत गेला त्याला साठ वर्षं झाली, पण रीतच आहे: आगीत गेलेल्याचं नाव पुकारायचं आणि सगळ्यांनी मिळून "हजर" म्हणायचं.

एवारिस्तोकाका मात्र चांगले जिवंत, आणि दोन वर्षं फिरकलेले नाहीत. गुडघे गेलेत, कबूल. पण घर समोरच आहे, बैठकीला यायला काय डोंगर चढायचाय? भोंगा वाजला की हे खिडकीत मातेचा कडू चहा पीत बसणार आणि तिथूनच आमच्या चुका काढणार. सहा महिने गैरहजर तो बाद, असा नियम. मी नोटीस धाडली.

नोटीस घेऊन काका काठी आपटत माझ्या दारात हजर.

"काय गं, मला काढतेस? चाळीस वर्षं आगी विझवल्यात मी."

"वहीत दोन वर्षं नुसत्या फुल्या आहेत, काका."

"आणि मेलेल्या आबेलार्दोची एकही नाही. जिवंत राहिलो हेच चुकलं म्हण की."

"मग यायचं होतं."

ते खुर्चीत बसले. आवाज उतरला. "शिडी चढवत नाही, तिथं काय तोंड दाखवू? पोरं लगेच खुर्ची पुढं करतात. लाज वाटते गं. पण नाव खोडू नकोस. मेल्यावर माझी शवपेटी बंबावरूनच जायला हवी. भाड्याच्या काळ्या गाडीतून नाही जायचं मला."

त्यांचं म्हणणं मला कळत होतं. पण आज यांना सूट दिली तर उद्या सगळेच खिडकीत बसतील.

गुरुवार आला. बाद करण्याआधी नाव तीनदा पुकारावं लागतं. काका दाराबाहेर उभे, आत यायचा धीर नाही. मी दोनदा पुकारलं. तिसऱ्यांदा पुकारलं तसा कप्तान निबाल्दो उठला, मागोमाग सगळी पलटण. "हजर."

"हे मेलेल्यांसाठी असतं," मी म्हटलं.

"मग लिही मेलेला. मेलेल्याला कुठल्या नियमानं काढतेस?"

दारातून आवाज आला, "मी जिवंत आहे रे, मेल्यांनो."

"गप्प बसा, काका. जिवंत निघालात तर बाद व्हाल," निबाल्दोनं दटावलं.

मी कपाळावर हात मारून घेतला आणि काकांचं नाव आबेलार्दोच्या खाली लिहिलं.

तेव्हापासून काका दर गुरुवारी मागच्या बाकावर. कशाला, तर आपल्या नावाला पोरं जोरात ओरडतात की नाही ते बघायला. "आबेलार्दोला घुमवलंत, माझ्या वेळी पुटपुटलात," ही कायमची तक्रार. मग बसल्या बसल्या पाइपांची भोकं बुजवायला लागले, नव्या पोरांना गाठी शिकवायला लागले. वर्षाअखेर मी वही चाळली, तर यांचे हजेरीचे दिवस माझ्यापेक्षा जास्त.

परवाच्या गुरुवारी मी सगळ्यांना आधीच दम भरून ठेवला. काकांचं नाव पुकारलं. कुणी हूं की चूं केलं नाही.

काकांचा चेहरा पडला. "अरे, म्हणा की रे."

"मेलेल्यांतून तुमचं नाव काढलंय मी," मी म्हटलं. "आता तुमचं तुम्ही बघा."

काठीवर भार देत ते उठले. बराच वेळ घसा साफ केला. "हजर."

"पुटपुटू नका, काका," निबाल्दो म्हणाला.