राजीनामा : हो / नाही

मृणालने चौसष्टावी चिठ्ठी उलगडली आणि ढिगावर ठेवण्याऐवजी तशीच हातात धरून ठेवली.

“वाच की,” लीलाधरकाका म्हणाले. त्यांच्या ओट्यावर सतरंजी अंथरलेली होती. मधे स्टीलचा डबा पालथा पडला होता आणि त्याच्या दोन्ही बाजूंना चिठ्ठ्यांचे ढीग होते. “हो का नाही?”

“हो आहे. पण खाली काही लिहिलंय. ‘हाँ, पर चाय हमारे यहाँ होगी.’”

“वात्रटपणा. बाद कर.”

“खूण ‘हो’वर स्पष्ट आहे, काका. बाद कशी करू?”

“मग हो मध्ये टाक. चहाचं मागून बघू.”

तिने ती हो मध्ये टाकली. उरलेल्या अकरा चिठ्ठ्या उघडून झाल्या, तेव्हा एका ढिगात सेहेचाळीस होत्या आणि दुसऱ्यात एकोणतीस. तिने दोन्ही ढीग पुन्हा मोजले. आकडे तेच आले. सरस्वती नगरात घरं पंच्याहत्तर, घरटी एक मत. एकही चिठ्ठी कमी नव्हती की जास्त नव्हती.

काकांनी मांडीवर थाप मारली. चौतीस वर्षं मराठी शिकवून ते निवृत्त झाले होते आणि गेली सहा वर्षं कॉलनीच्या मंडळाचे अध्यक्ष होते. कॉलनीला लागून असलेला हॉल आणि पाण्याची टाकी तीन कॉलन्यांच्या संयुक्त समितीच्या ताब्यात होती. समितीने नवरात्रात हॉल देताना सरस्वती नगरची पाळी लागोपाठ दोन वर्षं डावलली, तेव्हा मंडळात एकच बोलणं सुरू झालं की समितीतून बाहेर पडावं. बोलणं वाढलं, तसं काकांनी मतदान ठरवलं. चिठ्ठी त्यांनी स्वतः लिहून झेरॉक्स केली होती. तिच्यावर वर ‘राजीनामा’ आणि खाली ‘हो / नाही’ एवढंच होतं.

“एक शब्द!” काका म्हणाले. “अर्धी घरं मराठी, अर्धी हिंदी. राजीनामा दोघांना कळतो. दोन भाषांत छापत बसायची भानगडच नको. ब्रेक्झिटला इंग्लंडवाल्यांनी काय केलं? राहायचं का निघायचं. बस.”

“ते अजून भांडतात, काका. निघायचं म्हणजे नेमकं कुठपर्यंत, म्हणून.”

“त्यांना चांगला मास्तर मिळाला नसेल. तू सही कर.”

मृणालने निकालाच्या कागदावर सही केली आणि पेनाला टोपण लावलं. मग ते पुन्हा काढून पुन्हा लावलं. हॉलच्या वरच्या मजल्यावर एक खोली होती. दर रविवारी कॉलन्यांतल्या सव्वीस मुली तिथे तिच्याकडे प्रयोग करायला यायच्या. तीन वर्षं खेटे घालून तिने ती खोली मिळवली होती आणि दोन सूक्ष्मदर्शक जमवले होते. समिती सोडली की खोलीही सुटणार होती. पण मोजणाऱ्याने स्वतःचं दुखणं सांगू नये, असं तिला वाटत होतं. म्हणून प्रचार चालू असतानाही ती गप्प राहिली होती.

“पाच वाजता सभा,” काका म्हणाले. “पत्र वाचू, सह्या घेऊ आणि संध्याकाळच्या आत त्या तुषारच्या हातात देऊ. बघू दे त्या समितीच्या अध्यक्षाला.”

घरी जाताना तिच्या डोक्यात चहाच घोळत होता. भांडून वेगळं होणारी माणसं चहा कुणाच्या घरी होईल याची चिंता कशाला करतील?

शेजारची रुपाली अंगणात पापड वाळत घालत होती. ती मूळची खंडव्याची, लग्न होऊन इथे आलेली.

“वहिनी, एक विचारू? राजीनामा झाला तर उद्या काय होईल?”

“काय म्हणजे? बैठक होईल. आपले चार जण, उनके चार जण. लिहापढी होईल, सह्या होतील.”

“कसली लिहापढी?”

“समझौत्याची. अगं, माझ्या मामाची अन् शेजाऱ्याची भिंतीवरून केस नव्हती का? नऊ साल चालली. मग कोर्टात राजीनामा झाला. दोघं एका स्कूटरवर बसून घरी आले.” रुपालीने मान वर केली. “का गं? अशी काय बघून राहिली?”

“चहाचं तुम्ही लिहिलं होतं?”

“आमच्या ह्यांनी. बैठक त्या तुषारभाऊंच्या इथे ठेवली तर फिका चहा मिळतो म्हणे.”

मृणालला हसू आलं, पण तिने ते पुरतं येऊ दिलं नाही. एका घरावरून काहीच सिद्ध होत नव्हतं. ती आत गेली, वहीच्या कोऱ्या पानावर उभे रकाने आखले आणि चप्पल घालून पुन्हा बाहेर पडली.

प्रत्येक दारात तिने एकच प्रश्न विचारला. मत काय दिलं ते विचारलं नाही, शब्दाचा अर्थ विचारला नाही, पर्यायही सुचवले नाहीत. राजीनामा झाला तर उद्या काय होईल? एवढंच. मिळालेलं उत्तर तिने तिथेच, समोरच्याच्या शब्दांत लिहून घेतलं.

तीन घरांनंतर तिला दोन रकाने पुरतील असं वाटलं होतं. सातव्या घरात सुलभाकाकूंनी तिसरा उघडायला लावला.

“उद्या तुषार घरी बसेल, दुसरं काय!”

“म्हणजे?”

“राजीनामा त्याचाच ना? दोन वर्षं आपली पाळी खाल्ली त्याने. मी तर हो वर तीन वेळा गिरवलं.”

समितीतून बाहेर पडायचं आहे, हे पक्कं माहीत असलेली घरंही होती. पण त्यांतल्या योगेशने तिला फाटकापर्यंत येऊन विचारलं, “हॉल सोडायचा हे तो ठीक आहे. पण टाकीचं पाणी चालू राहील ना, ताई?” त्याच्या समोरच्या घराला तर टाकी आपल्याच वाट्याला येईल याची खात्री होती. मृणालने तेही लिहून घेतलं.

चार वाजता ती वामनकाकांच्या दारात उभी राहिली. वामनकाका तीस वर्षं कोर्टाच्या आवारात बसून लोकांचे अर्ज लिहीत आले होते आणि समितीशी सगळ्यात कडक वैर त्यांचंच होतं. ‘वेगळे व्हा’ हे पहिल्यांदा तेच म्हणाले होते. त्यांचं उत्तर ऐकून तिने पेन थांबवलं.

“काका, हे सभेत सांगाल?”

“भरचौकात सांगेन! घाबरतो का कुणाला?”

सभेला एकोणसत्तर घरांतली माणसं आली. उरलेली सहा घरं लग्नाला गेली होती. लीलाधरकाकांनी पत्र उघडलं, घसा साफ केला आणि मृणाल उठून उभी राहिली.

“पत्राआधी मला दोन मिनिटं हवीत. आणि आधी हे सांगते, समिती सोडली तर माझी प्रयोगाची खोली जाते. तेव्हा मी बोलते ते त्या हिशोबाने ऐका.”

“आलं का खोलीवर!” मागून कुणीतरी म्हणालं. “मला वाटलंच.”

“सकाळी मीच मोजलं. सेहेचाळीस हो, एकोणतीस नाही. मोजणी बरोबर आहे. कशाची मोजणी केली, ते मात्र मला कळलेलं नाही.” तिने वही उघडली. “आज अठ्ठावन्न घरांना विचारलं. राजीनामा झाला तर उद्या काय होईल? एकवीस घरं म्हणाली, आपण समिती सोडू. तेवीस म्हणाली, समितीशी समझौता होईल. चौदा म्हणाली, तुषारभाऊ पद सोडतील.”

सगळेच एकदम बोलू लागले.

“समझौता कुठून आला मधेच?”

“अरे, राजीनामा मतलब समझौताही तो होता है!”

“कुठल्या शाळेत शिकलास रे?”

“शांत!” लीलाधरकाकांनी टेबलावर हात आपटला. चेहरा लाल झाला होता. “लोकांनी हो म्हटलंय. हो म्हणजे हो. मत दिल्यावर त्याची चिरफाड करायची नसते, मृणाल. हा तुझा बेडूक नाही.”

हशा पिकला. मृणालही हसली आणि तो ओसरेपर्यंत थांबली.

“बरोबर, काका. मी फाडत नाही. वामनकाका, तुम्ही सांगता?”

वामनकाका काठी टेकत उठले. “मी ‘नाही’ दिलं.”

लीलाधरकाकांचा हात टेबलावरच राहिला. “वामन? तू नाही दिलं? तूच तर म्हणत होतास वेगळं व्हा म्हणून!”

“म्हणून तर नाही दिलं! त्या माणसाशी राजीनामा? मी? मरेपर्यंत करणार नाही! हजार राजीनामे लिहिले मी या हाताने. वादी-प्रतिवादी दोघांना शेजारी बसवून. सोडायचंच होतं तर इस्तीफा लिहायचं होतं ना मास्तर, सीधा सीधा!”

या वेळी कुणी हसलं नाही. लीलाधरकाकांनी चष्मा काढला आणि सदऱ्याच्या टोकाने बराच वेळ पुसला. मग कुणालाच उद्देशून नसल्यासारखं ते म्हणाले, “राजी. नामा. राजी असल्याचा कागद.” चष्मा पुन्हा लावत म्हणाले, “वामनचं चूक नाही. माझंही नाही. चिठ्ठीचं चूक आहे.”

“चिठ्ठी कुणी लिहिली?” वामनकाकांनी विचारलं.

“बस खाली, वामन.”

फळा आणला गेला. मृणालने खडू लीलाधरकाकांपुढे धरला. त्यांनी तो घेतला आणि चौतीस वर्षांच्या सवयीच्या अक्षरात तीन ओळी लिहिल्या. आपण संयुक्त समिती सोडावी आणि हॉल, वरची खोली आणि टाकीचे पाणी या तिन्हींवरचा हक्क सोडावा. आपण समितीत राहावे आणि नवरात्राच्या पाळीबद्दल बोलणी करावी. आपण समितीत राहावे आणि तुषार महाजन यांनी अध्यक्षपद सोडावे अशी मागणी करावी. वामनकाकांनी प्रत्येक ओळ हिंदीत वाचून दाखवली. पहिल्या ओळीतला टाकीचा उल्लेख ऐकून योगेश शेजाऱ्याच्या कानाशी लागला. सुलभाकाकू तिसऱ्या ओळीकडे बघत होत्या आणि त्यांच्या ओठांची हालचाल चालली होती.

“यात न कळण्यासारखं काही आहे?” काकांनी विचारलं. दोघांनी हात वर केले. त्यांच्या शंका फिटेपर्यंत कुणी चिठ्ठ्या वाटल्या नाहीत.

मृणाल मोजायला बसली नाही. रुपाली आणि वामनकाका बसले. ती भिंतीला टेकून उभी राहिली आणि फळ्यावर ओढल्या जाणाऱ्या रेघांकडे बघत राहिली. पहिल्या ओळीपुढे रेघा अठरा झाल्या, तिसरीपुढे चार. मधल्या ओळीपुढच्या रेघा फळ्याच्या कडेपर्यंत पोहोचल्या. तेव्हा रुपालीला खाली दुसरी रांग सुरू करावी लागली.

“सत्तेचाळीस,” वामनकाकांनी जाहीर केलं. त्यांना हवं होतं ते हरलं होतं, पण आवाज चांगला खणखणीत होता. “और साफ़ सत्तेचाळीस. याच्यावर अपील नाही.”

टाळ्या सुरू झाल्या आणि थांबेनात. सकाळी हो देणारे वाजवत होते, नाही देणारे वाजवत होते. खोलीवरून टोमणा मारणारा माणूस पुढे आला आणि मृणालला म्हणाला, “आमच्या छोटीला रविवारी पाठवू का?” तिने होकारार्थी मान हलवली.

लीलाधरकाकांनी तयार पत्राच्या चार घड्या करून खिशात घातल्या. मग फोन काढला, सगळ्यांना गप्प बसवलं आणि स्पीकर लावला. कॉलनीने काय ठरवलं ते त्यांना स्वतःच्या तोंडाने सांगायचं होतं आणि राजीनामा हा शब्द आज शिकलेल्या अर्थाने वापरायची घाईही झाली होती.

“तुषार, लीलाधर बोलतोय. आमच्याकडे मतदान झालं. राजीनामा ठरला. मोठ्या बहुमताने.”

तुषार महाजन म्हणजे घरात, दारात मराठीच बोलणारा माणूस.

“काका, एकदम राजीनामा?” फोनमधून आवाज आला. “असं टोकाचं नका हो करू. तीनपैकी एक कॉलनी गेली तर समितीत राहिलं काय? नवरात्राचं माझं चुकलंच. या वर्षीचा हॉल तुमचा. पुढच्या वर्षीचाही घ्या. अन् वरची खोली त्या पोरींच्या नावाने कायमची करून टाकू. पण राजीनामा तेवढा मागे घ्या.”

वामनकाकांनी हसू दाबायला काठीची मूठ दातांत धरली. लीलाधरकाकांनी फोनवर तळवा ठेवला. शब्दाचा अर्थ सांगून टाकावा की नाही, हे त्यांच्यातल्या मास्तरला कळेना. ते मृणालकडे बघू लागले.

ती भिंतीपासून दूर झाली आणि त्यांच्या कानाशी वाकली.

“सांगू ना, काका,” ती हळूच म्हणाली. “आधी त्यांना हे लिहून पाठवायला सांगा. पूर्ण वाक्यात.”