दोघा भावांचं न्हाणं

मी दगड बोलतोय. ऐन अल्-जौज गावात हुसैनिया आहे, मोहरममध्ये सगळं गाव जिथं बसून रडतं ती इमारत. तिच्या मागच्या बुटक्या खोलीत मयताला आंघोळ घालायचा दगड होता, तो मी. दचकू नका. जिवंत माणसाशी माझं काही देणंघेणं नसतं आणि मेलेला माणूस मला घाबरत नाही. घाबरता ते तुम्हीच, दारापर्यंत येऊन नाकाला रुमाल लावणारे.

माझा जन्म दरीपलीकडच्या खाणीतला. तान्नूस नावाच्या ख्रिस्ती पाथरवटानं मला कापलं. "या शियांना मेल्यावर पाणी तरी किती लागतं!" असं कुरकुरत त्यानं माझ्या कडेनं पन्हळ कोरली आणि एका टोकाला पाणी जायला भोक पाडलं. त्याच शिळेचा दुसरा तुकडा तेलाच्या घाण्यावर लागला. तो आयुष्यभर ऑलिव्हच्या तेलात लोळला आणि माझ्या वाट्याला हे आलं.

तेव्हा दगड दरी ओलांडून येत होते. पुढं माणसांनाही ओलांडता येईना. आमच्या देशात माणसाचा पंथ त्याच्या ओळखपत्रावर छापलेला असतो. लढाई पेटली तेव्हा नाक्यानाक्यावर तो वाचून लोकांना गाडीतून उतरवू लागले. तान्नूसलाही एका नाक्यावर असंच उतरवलं. कुणी, ते मला माहीत नाही. तो घरी परत गेला नाही एवढं मात्र कानावर आलं.

माझा मालक म्हणाल तर हाजी तर्राफ. गावातल्या पुरुष मयतांना तोच न्हाऊ घालायचा. आधी बोरीच्या पाल्याचं पाणी, मग कापराचं, मग साधं. हात चालू आणि तोंडही चालू. "मान वळव की रे! जिवंतपणी बायकोचं ऐकलं नाहीस, आता माझं तरी ऐक," असं तो मयताला दटावायचा. पण पाणी कोमट आहे की नाही, हे दर वेळी स्वतःच्या मनगटावर ओतून बघायचा. मयताला काय कळतंय, असं कुणी म्हटलं की त्याच्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

एका माणसाला मात्र माझ्याकडे आणत नाहीत. रणात पडलेल्या शहिदाला. त्याला न्हाणं नाही, कफनही नाही. अंगावरच्या कपड्यांत, रक्तासकट, थेट कबरीत. त्याचं रक्तच त्याला पाक करतं, असं मानतात. दक्षिणेकडून परकी फौज आली तेव्हा गावची कितीतरी पोरं माझ्या दारावरून अशीच गेली. मी कोरडा पडून असायचो आणि बाहेर लोक अभिमानानं रडायचे.

त्याच दिवसांत आमच्या लोकांनी पक्ष काढला. तंबाखू पिकवणारे, राजधानी बैरूतच्या बंदरात ओझी वाहणारे, सरकारदरबारी ज्यांना कुणी खुर्ची देत नव्हतं असे हे लोक. पक्ष म्हणाला, आमचा वाटा द्या. मग पक्षाच्या हातात बंदुका आल्या. काही वर्षांनी त्यातूनच, पगड्यांचा आणि दाढ्यांचा, दुसरा पक्ष निघाला. एक जुना, एक नवा. दोघांचे इमाम तेच, मोहरमचे अश्रू तेच. नवे म्हणायचे, जुने विकले गेले. जुने म्हणायचे, नवे दुसऱ्या देशाच्या तालावर नाचतात. तोफगोळे मात्र दोघांनीही माझ्याच अंगावर रचून ठेवले, कारण मयताच्या खोलीत झडती घ्यायला कुणी येत नाही.

नायिफ आणि दिर्गाम यांना मी पहिल्यांदा पाहिलं ते त्यांचा बाप माझ्यावर होता तेव्हा. तंबाखूच्या शेतात जुना बॉम्ब पायाखाली आला होता. थोरल्या नायिफनं डोकं धरलं, धाकट्या दिर्गामनं उरलेला पाय. नायिफ जुन्या पक्षात होता, दिर्गाम नुकताच नव्यात गेला होता.

"अब्बांच्या चाळिसाव्या दिवशी आमचा झेंडा लागेल," दिर्गाम म्हणाला.

"तुझ्या झेंड्याला ओळखत तरी होते का अब्बा?"

"तुझ्या पुढाऱ्यांच्या मोटारींना ओळखत होते! रोज शिव्या घालायचे."

"ए दीडशहाण्या, दाढी फुटली म्हणून अक्कल फुटत नाही."

"गप्प बसा दोघंही!" हाजी तर्राफ ओरडला. "बापाच्या अंगावर कापूर पडतोय आणि यांना झेंडे सुचतायत. पाय नीट धर रे!"

बाहेर त्यांची आई उभी होती. गाव तिला नायिफची आई म्हणायचं. तंबाखूची पानं ओवून ओवून तिची बोटं काळी पडलेली. तिनं आत डोकावून एवढंच म्हटलं, "भांडा, पण जेवायला एका ताटात बसा." त्या वर्षी ते बसलेही. पुढच्या वर्षी नायिफ घरी आला की दिर्गाम मागच्या दारानं निघून जायचा. ती मधल्या खोलीत ताट घेऊन उभी असायची.

मग हिवाळ्यात दोन्ही पक्ष एकमेकांवर तुटून पडले. आजही लोक त्याला भावांची लढाई म्हणतात आणि पुढं काही बोलत नाहीत. नवा पक्ष वरच्या डोंगरावरून उतरला. सकाळपासून तोफगोळे पडत होते. घराघरात वाळत टांगलेल्या तंबाखूच्या माळा पेटल्या आणि सगळं गाव खोकू लागलं. मग गल्लीत बंदुका आल्या. एका जिन्यावर वरून एक पक्ष आणि खालून दुसरा, आणि मध्ये त्या घरातली म्हातारी. तिला माझ्याकडे आणायलाही कुणी राहिलं नाही. बेकरीच्या भिंतीशी जुन्या पक्षाच्या पाच पोरांना हात वर करून उभं केलं आणि मारलं. त्यांतला एक मरता मरता आईला नाही, बहिणीला हाका मारत होता. ते मला इथवर ऐकू आलं.

जुन्यांचे शेवटचे तिघं पळत माझ्या खोलीत शिरले. एकाच्या मांडीतून रक्त वाहत होतं. दुसरा हातेम, कोवळा पोरगा, त्याचं बोट बंदुकीच्या घोड्यावरून हटत नव्हतं. तिसरा नायिफ. तो माझ्या आडोशाला बसला. त्याची पाठ मला टेकली होती आणि त्याच्या छातीचे ठोके मला लागत होते.

बाहेर नव्या पक्षाचा कमांडर होता, अबू मैथम. त्याच्या माणसांत दिर्गाम.

"आत माझा भाऊ आहे," दिर्गाम म्हणाला. "मला बोलू द्या त्याच्याशी."

"बोल. पण लवकर आटप."

दिर्गाम बंदूक ठेवून, हात पसरून दारात आला. "नायिफ, बाहेर ये. तुला कुणी हात लावणार नाही. मी शब्द घेतलाय."

"कुणाचा? त्या अबू मैथमचा? बेकरीपाशी त्याचा शब्द बघितला मी."

"तुझं तसं नाही होणार. मी आहे ना!"

"तू मोठा आलास! बुटाची नाडी मी बांधायचो तुझी. मागं हो, दिर्गाम. हा हातेम भेदरलाय. मागं हो म्हणतो ना!"

"आई घरी एकटी आहे रे," दिर्गाम म्हणाला आणि त्यानं उंबरठ्याच्या आत पाय टाकला.

हातेमची बंदूक सुटली. गोळ्या दिर्गामच्या पोटात गेल्या. तो गुडघ्यावर बसला आणि भावाकडे बघत राहिला. नायिफनं बंदूक फेकली, "अरे माझा दिर्गाम!" म्हणून ओरडत धावला आणि त्याला उचलायला वाकला. तेवढ्यात बाहेरून गोळ्यांचा पाऊस आला. नायिफ भावाच्या अंगावर पालथा पडला. त्यांच्यावरून कुणीतरी आत हातबॉम्ब टाकला. तो माझ्या पायाशी फुटला. हातेम आणि तो जखमी, दोघांचे आवाज बंद झाले. मला या टोकापासून त्या टोकापर्यंत तडा गेला.

नायिफची आई आली तेव्हा दोघांना अंगणात शेजारी शेजारी ठेवलं होतं. हाजी तर्राफ आणि गावचे मौलवी शेख अफीफ भिंतीला चिकटून उभे होते.

अबू मैथमनं छातीवर हात ठेवला. "मुबारक, मावशी. तुझा दिर्गाम शहीद झाला."

"आणि हा?"

"याचं... याला हाजी न्हाऊ घालेल. तुमचं तुम्ही पुरा कुठंतरी."

"दोघांना न्हाऊ घाला," ती म्हणाली. "जन्मले तेव्हाही दोघं रक्तानं माखलेले होते. मीच धुतलं. तेव्हा नाही कुणी पक्ष विचारला."

"शहिदाला धुवायचं? त्याचा अपमान आहे तो. तो त्याच्या रक्तासकटच जाईल."

ती खाली बसली. दिर्गामचा सदरा तिनं मुठीत धरला. नायिफ त्याच्यावर पडला होता, सदरा गळ्यापासून खालपर्यंत भिजला होता. "यातलं कुठलं रक्त शहिदाचं आणि कुठलं गद्दाराचं? दाखव. बोट ठेवून दाखव मला!"

अबू मैथमनं पोरांना खूण केली. तिची मूठ सोडवून त्यांनी दिर्गामला उचललं. भिंतीपलीकडेच कबरस्तान. हवेत बार उडाले आणि ध्वनिक्षेपक ओरडू लागला, ही ऐन अल्-जौजची वाघीण, शहिदाची आई, हिला आमचा सलाम. ती वाघीण इकडं नायिफचा पाय धरून बसली होती. ती उठून गेली असती तर मागं याला खड्ड्यात लोटलं असतं, हे तिला ठाऊक होतं. धाकट्यावर माती पडल्याचा आवाज तिनं भिंतीआडून ऐकला.

अबू मैथम परत आला. नायिफला न्हाणं घातलेलं त्याला स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं होतं. न्हाऊ घातला म्हणजे तो साधा मेलेला. मग गावात कुणी त्याला शहीद म्हणायची सोय उरली नसती. हाजी तर्राफनं पाणी तापवलं. कापूर कुटला.

तेव्हा नायिफची आई आत आली आणि माझ्यावर चढून बसली.

माझ्यावर जिवंत माणूस कधी बसला नव्हता. गावात तो मोठा अपशकुन. तिचं अंग तापलेलं होतं. "आज या दगडावर कुणी निजणार नाही," ती म्हणाली. "धाकटा न धुता गेला ना? मग थोरलाही न धुताच जाईल. याच कपड्यांत. त्याच्या शेजारी."

"मावशी, उतर खाली," अबू मैथम म्हणाला.

"तुझ्या हातात बंदूक आहे ना? चालव की!"

"मावशी, माझा अंत बघू नकोस!" त्यानं बंदूक रोखली. हाजी तर्राफ मध्ये पडायला गेला, तर बंदुकीचा दस्ता त्याच्या जबड्यावर बसला आणि तो पाण्याच्या पातेल्यावर कोसळला. अबू मैथमनं बार काढला. गोळी तिच्या गुडघ्याजवळ माझ्यावर लागली. माझा टवका उडून तिच्या गालात घुसला. तिनं तो उपटलासुद्धा नाही.

"मार," ती म्हणाली. "आणि मग तुझ्या त्या भोंग्यावरून सांग गावाला, शहिदाच्या आईला मीच मारलं."

बाहेर तोवर बायका जमल्या होत्या. त्याच्याच माणसांनी माना खाली घातल्या. तासाभरापूर्वी त्यानंच तिला एवढं मोठं करून ठेवलं होतं, आता तिला हात लावायची सोय उरली नव्हती. तो दारावर लाथ मारून निघून गेला.

शेख अफीफ आयुष्यभर भित्राच माणूस. पण तो पुढं आला आणि म्हणाला, "नमाज मी पढतो. जे काय होईल ते माझ्या मानेवर." पुरुषांची हिंमत होईना म्हणून जनाजा बायकांनी खांद्यावर घेतला. आमच्याकडे हे कधी झालं नव्हतं. नायिफला त्याच्या रक्तासकट भावाच्या शेजारी ठेवलं. मी कोरडाच राहिलो, आणि खरं सांगतो, इतका अभिमान मला कधी वाटला नव्हता.

त्याला आता खूप वर्षं झाली. दोन्ही पक्षांच्या पुढाऱ्यांनी एकमेकांच्या गालांचे मुके घेतले. निवडणुकीला दोघं एकाच यादीत उभे राहतात आणि संसदेत शेजारी शेजारी बसतात. खोलीत स्टीलचं टेबल आणि गरम पाण्याचा बंब आला. तडा गेलेला म्हणून मला बाहेर अक्रोडाच्या झाडाखाली आणून टाकलं. दोन्ही पक्षांची पोरं माझ्यावर बसून सूर्यफुलाच्या बिया खातात आणि टरफलं माझ्याच पन्हळीत टाकतात.

मागच्या हिवाळ्यात अबू मैथम आला, आता चांगला पोट सुटलेला. जुन्या पक्षाचा एक साहेबही बरोबर होता. पोरांनी भलंमोठं पोस्टर उलगडलं. त्यावर नायिफ आणि दिर्गाम शेजारी शेजारी, वर दोन्ही पक्षांची चिन्हं आणि खाली सोनेरी अक्षरांत, शहीद बंधू. न्हाणीच्या भिंतीवर ते लावायचं होतं. नायिफच्या आईला काठी टेकत आणलं होतं, फोटोसाठी.

"बघ, मावशी," अबू मैथम मऊपणे म्हणाला. "दोघंही शहीद. तुझीच इच्छा होती ना?"

तिनं पोस्टर जवळून बघितलं. दोघांच्या तोंडावरून काळी बोटं फिरवली. मग मान वर करून विचारलं, "दोघंही शहीद? मग यांना मारलं कुणी?"

साहेबांनी घड्याळ बघितलं. अबू मैथमनं पोरांना पोस्टर लावायची खूण केली. ती काठी टेकत घरी गेली. पोस्टर लागलं. अजून आहे.

माझं आता काही खरं नाही. रस्ता रुंद करायचा म्हणतात, भरावात फोडून टाकतील. टाका. पण त्या खोलीत ज्यांना न्याल ते म्हातारे असू देत, केस पिकलेले, दात पडलेले, ज्यांची नातवंडं पाणी गार आहे म्हणून कुरकुरतील असे. आईच्या आधी तिचं लेकरू तिथं आणू नका. एवढंच माझं मागणं आहे.