मार्मलेडची बरणी

नीलिमाने पिशवीतून बरणी काढून बाजारात संत्र्याचं मार्मलेड विकणाऱ्या मोरागच्या टेबलावर ठेवली, आणि तेव्हा कुठे तिच्या लक्षात आलं की बरणी रिकामी आहे.

घासूनपुसून लख्ख केलेली, हॅमिल्टनहून विमानाने आणि मग दोन तास मोटारीने जिवापाड जपून आणलेली. आणि आत चिमूटभर साखरही नाही. उभ्या जन्मात शेजारणीचा डबा मोकळा परत न करणारी बाई ती!

"बरणी परत आणून द्या म्हटलं की सगळे मान डोलावतात. आणलीस तू एकटीने," मोराग म्हणाली. सत्तरीची, गालांवर लाली, डोक्याला लोकरी टोपी. "तुझा नवरा कुठाय? मागच्या वर्षी सगळी मार्मलेडं चाखत बसला होता."

"गाडी पार्क करतोय," नीलिमा म्हणाली.

शेजारी उभ्या लेकीने, इरावतीने, हातातली गाडीची किल्ली हळूच जॅकेटच्या खिशात टाकली.

गुरुनाथला जाऊन आठ महिने झाले होते. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी नीलिमा फार्मसीत हजर झाली ती आजतागायत. औषधं बिनचूक देत होती, जेवणाचे घास मोजल्यासारखे गिळत होती. रडू काही आलं नव्हतं. बरणी परत आणण्याचा शब्द गुरुनाथने दिला होता, म्हणून ती लेकीला घेऊन इथवर आली. स्कॉटलंडहून आलेल्या लोकांनी वसवलेलं हे देशाच्या पार दक्षिणेतलं गाव. दगडी चर्च, शनिवारचा बाजार, कोपऱ्यावर बॅगपाइप फुंकणारे आजोबा, सगळं जागच्या जागी होतं. तिला कशाचंच काही वाटत नव्हतं.

मोरागने मार्मलेडचे तीन चमचे भरून बशीत ठेवले.

"हा तिसरा त्याचा."

"आलेच," म्हणत नीलिमाने बरणी उचलली आणि समोरच्या कॉफीच्या गाडीकडे गेली. तिथल्या साखरेच्या तीन पुड्या फाडून तिने बरणीत ओतल्या.

"आई, व्हॉट आर यू डुइंग?"

"रिकामी देऊ नये गं."

ती परत आल्यावर मोरागने विचारलं, "जागा सापडत नाहीये वाटतं त्याला?"

नीलिमाने बरणी पुढे केली.

"तो पार्किंग करत नाहीये. तो गेला. ऑगस्टमध्ये."

मोरागने टोपी काढून हातात धरली. मग बरणीकडे बोट दाखवून म्हणाली, "आणि ही साखर?"

"आमच्यात कुणाचं भांडं रिकामं परत करत नाहीत." नीलिमा थांबली. "मागच्या वर्षी मार्मलेड चाखून तो मराठीत काहीतरी म्हणाला होता. तुम्ही मला अर्थ विचारलात. मी सांगितलं, फारच छान झालंय म्हणतोय."

"आठवतंय."

"तो म्हणाला होता, साखर कमी पडलीय."

"अगं, ते मला त्याच्या तोंडावरूनच कळलं होतं," मोराग म्हणाली. "तरी सगळ्यात मोठी बरणी घेऊन गेला."

नीलिमाला हसू फुटलं. मोरागने बशी तिच्याकडे सरकवली. नीलिमाने तिसरा चमचा उचलून तोंडात घातला. संत्र्याची साल जिभेला कडू लागली.

"इरा," ती म्हणाली, "खरंच कमी आहे गं."

एवढं बोलली आणि भर बाजारात, टेबलाची कड धरून, ती हमसून हमसून रडायला लागली.