झडपेतून हात

साथीच्या दिवसांत बाहेरदेशाहून आलेल्याला घरीच कोंडून घ्यायचं असेल, तर त्या घरात दुसरं कुणीही असता कामा नये, असा तेव्हा आमच्याकडे नियम होता. त्यामुळे मी टोरांटोहून यायच्या आदल्या दिवशी माझ्या आईला तिच्याच घरातून काढून ताईकडे नेऊन ठेवलं. उभा संसार त्या घरात केलेली बाई एक पिशवी घेऊन बाहेर पडली. आणि मी एवढा समुद्र ओलांडून आलो होतो कशासाठी? तर ती मला पुरती विसरायच्या आत एकदा भेटावं म्हणून. आता तिच्या घरात मी, आणि ती दोन बसथांबे पलीकडे. हसावं की रडावं तेच कळेना.

आईचं विसरणं फार वाढलं होतं. ताई फोनवर सांगायची, "मला मधूनच विचारते, बाई, तुम्ही कुणाकडच्या? तुझं नाव मात्र अजून घेते. काय यायचं ते आत्ता ये."

विमानात बसण्याआधीची तपासणी चांगली आली होती. तरी चोंगहेतल्या आईच्या त्या चौथ्या मजल्यावरच्या घराचं दार लावून घेतलं आणि भीती जी मानगुटीवर बसली ती उतरेचना. स्वतःच्याच खोकल्याने दचकायचो. मी कुठे आहे ते फोन सरकारला परस्पर कळवत होता, आणि वर रोज सकाळी वॉर्डप्रमुख त्साय फोनवर चौकशी करायचे.

"ताप?"

"नाही."

"उंबऱ्याबाहेर पाऊल टाकू नका हं. दंड भरता भरता घर विकायची पाळी येईल. नूडल्स पाठवल्यात, खाऊन घ्या."

त्या दिवशीही सकाळी ताप नव्हता. दुपारी थंडी वाजायला लागली तेव्हा आईची रजई ओढून बसलो. थडग्यांची साफसफाई करायचा एप्रिलमधला सण होऊन गेला होता, बाहेर लोक अर्ध्या बाह्यांत फिरत होते. घराला ओल आहे, दुसरं काही नाही, असं मी स्वतःला दटावलं.

तेवढ्यात जिन्यात सपाता घासत कुणीतरी चढल्याचा आवाज आला. मग कडी वाजली.

"कोण आहे रे आत? दार उघड!"

आईच होती.

आमच्या लोखंडी दाराला तोंडाच्या उंचीवर एक छोटी झडप आहे, तिला दोन गज. मास्क चढवून मी ती थोडी सरकवली. आई समोर उभी. पायात ताईच्या सपाता, हातात पातीच्या कांद्याची जुडी, तोंडाला काही नाही.

"आई, मी आश्युन. जरा मागे सर ना."

"आश्युन टोरांटोला असतो. तू कोण? माझ्या घरात शिरून तोंड झाकून बसलायस, चोरा!"

मी ताईला फोन लावला.

"अगं, आई इथे आलीय!"

"काय? मी बाथरूममध्ये काय गेले... अरे देवा. ऐक, दार उघडू नकोस! तिची फुप्फुसं आधीच अधू आहेत. आणि तिला तुझ्याजवळ पाहिलं तर तिलाही उचलून नेतील, एकटीला कुठल्या तरी खोलीत ठेवतील. तिथून आपली आई परत येईल का? तिला तिथेच धरून ठेव. निघाले मी."

धरून ठेव म्हणे. हात न लावता कसं धरायचं, ते काही बोलली नाही.

"आई, पायरीवर बस ना जरा. ताई येतेय."

"बसते कशाला? पोलिसांनाच घेऊन येते." ती वळली.

खाली बाजाराचा रस्ता, बस आणि स्कुटर यांची नुसती झुंबड. तिला सिग्नल कळेनासा झाला होता. मागच्याच महिन्यात रस्त्याच्या मधोमध उभी राहून तिने वाहनांना शिव्या दिल्या होत्या.

"आई, थांब! हात दाखवतो!"

ती थबकली.

मी लहान असताना ती छत्र्यांच्या कारखान्यात शिवणावर होती. घरी यायला उशीर व्हायचा. तेव्हाचा तिचा नियम पक्का होता. आवाजावर दार उघडायचं नाही, आधी झडपेतून हात. मी स्टुलावर चढून तिच्या अंगठ्यावरचा सुईचा घट्टा चाचपायचो आणि मगच कडी काढायचो. ती आत असली की माझाही हात मागायची. माझी करंगळी वाकडी आहे. याच दारात चेंगरलेली.

"दाखव," ती म्हणाली.

भांडी घासायचा रबरी मोजा चढवून मी हात बाहेर काढला. तिने हात लावला आणि झटकून टाकला.

"हे रबर आहे! माझा मुलगा काय बाहुला आहे?" आणि ती एक पायरी उतरलीसुद्धा.

मी मोजा ओरबाडून काढला. हातावर सॅनिटायझर ओतलं, मान फिरवली, श्वास रोखला आणि उघडा हात गजांतून बाहेर दिला. देवा, हिला काही होऊ देऊ नको, एवढंच मनात म्हणत होतो.

पायरी चढल्याचा आवाज आला. तिची खरखरीत बोटं एकेक बोट चाचपत करंगळीवर आली आणि वाकड्या पेरावर थांबली.

"आश्युन! कधी आलास रे? जेवलास का?"

मला रडू फुटलं. या एका हाकेसाठीच तर मी आलो होतो. आता पुरे, म्हणून मी हात मागे घ्यायला लागलो. तिने सोडला नाही. कांद्याची जुडी खाली टाकून दुसऱ्या हातानेही तो धरला.

खाली स्कुटर थांबली. ताई जिना चढत ओरडत होती, "आई, हात सोड! आधी त्याचा हात सोड!"

"गप गं, बोंबलू नकोस," आई म्हणाली.

मग लहानपणी करायची तसा तिने माझा तळवा आपल्या गालाला लावला.

"पोराचं अंग बघ केवढं तापलंय."